छपरातून गेलेला नळ

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, हे मराठी माणूस लहानपणीच म्हणीतून शिकतो. घरबांधणीचे अर्धे शास्त्र या एका वाक्यात सामावले आहे. पाणी उतारानेच जायचे. त्याला अडवू पाहणारा हरतो आणि वाट करून देणारा जिंकतो. रायपूरच्या घरांचा गेल्या दोन शतकांचा इतिहास पाहिला, तर या सत्याची कसोटी एका क्षुल्लक दिसणाऱ्या जागी लागलेली आढळते. ती जागा म्हणजे छपरातून वर गेलेल्या नळाभोवतीची फट.

छत्तीसगडाशी मराठ्यांचा राजकीय संबंध १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीने जडला. पुढे १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून या मुलखाचा कारभार पाहिला. १८१८ नंतर कारभाराचे ठाणे रायपुरास आले आणि १८५४ साली नागपूरचे राज्यच खालसा झाले. राज्य गेले, तरी कारभाराच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे येथे राहिली. आजूबाजूच्या सर्वच घरांना तेव्हा मातीच्या भिंती आणि वर कवेलूंचे उतरते छप्पर असे. पाणी विहिरीचे किंवा तलावाचे. चुलीचा धूर कवेलूंच्या सांध्यांतूनच वाट काढी. छपराला भोक पाडण्याचे कारणच नव्हते. ज्येष्ठ लागला की घर शाकारून घ्यायचे, फुटके कवेलू बदलायचे, वरच्या ओळीचे पांघरूण खालच्या ओळीवर नीट घालायचे, एवढी दक्षता पुरे होई.

ही स्थिती लोखंडी नळाने पालटली. राजनांदगावचे राजे बलरामदास यांच्या देणगीतून १८९२ साली रायपूरचे जलकार्य उभे राहिले आणि खारून नदीचे पाणी शहरात आले. कालांतराने घरोघरी नळ आले. त्यांच्यामागून सांडपाण्याचे आणि दुर्गंधी वर नेऊन सोडणारे उभे नळही आले. ते साहजिकच बाहेरच्या भिंतीला ठोकले गेले. पुढे कुटुंब वाढले, परसाकडे एखादी पडवी काढावी लागली, आणि कालपर्यंत उघड्यावर असलेला नळ नव्या छपराच्या पोटात सापडला. नळ हलविणे खर्चाचे. म्हणून छप्परच त्याच्याभोवती कापले गेले.

येथे पहिला मोह होतो तो फट बुजविण्याचा. पूर्वी तेथे चुना थापीत, मग सिमेंट आले, त्यावर डांबर आले. पहिला पावसाळा बहुधा निभावतो. तथापि रायपूरचे हवामान अशा लिंपणाला फार काळ टिकू देत नाही. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. लगोलग मृगाच्या सरी कोसळतात, आणि वर्षाच्या सुमारे बाराशे मिलिमीटर पावसापैकी बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. तापमानात तीस अंशांचा फरक पडला, की तीन मीटर लांबीचा लोखंडी नळ सुमारे एक मिलिमीटर वाढतो. एक मिलिमीटर ही काही मोठी मात्रा नव्हे. परंतु केसाएवढी भेग पडायला ती पुरेशी असते, आणि पाण्याला तेवढीच वाट हवी असते.

खरा उपाय कवेलूंच्या जुन्या रचनेतच दडलेला आहे. नळापेक्षा थोडे मोठे भोक घ्यावे. त्यावर शिशाचा किंवा जस्त चढविलेल्या पत्र्याचा तुकडा असा बसवावा, की त्याची चढाकडील कड वरच्या कवेलूंच्या खाली जाईल आणि उताराकडील कड खालच्या कवेलूंच्या वर येईल. त्याच पत्र्याचा गळपट्टा नळाभोवती वीतभर उभा राहावा. मग नळालाच घट्ट आवळलेली एक टोपी त्या गळपट्ट्यावर उतरावी. मात्र ती त्याला जोडू नये. टोपी नळाबरोबर हलते, गळपट्टा छपराबरोबर स्थिर राहतो, आणि पाणी टोपीवरून छपरावर व छपरावरून वळचणीला जाते. सपाट गच्चीवरही तत्त्व हेच. नळाभोवती काँक्रीटचा उंचवटा करावा, मधल्या फटीत लवचीक भरण घालावे, आणि वर टोपी असावी.

युरोपातील कारागीर शिशाचा पत्रा याच रीतीने वापरीत आले. १८६५ साली बाझेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. त्या कौलांच्या खाचाही वरच्याने खालच्याला झाकावे याच नियमाने बेतलेल्या होत्या. पदार्थ बदलले, नियम बदलला नाही.

या नियमाची हेळसांड झाली, तर तिची किंमत घराला मोजावी लागते. नळाशी झिरपलेले पाणी तेथेच टपकत नाही. ते वाशावरून सरकत दूर कोठे तरी भिंतीत उतरते. ओल दिसते एकीकडे आणि गळती असते दुसरीकडे. तोवर लाकडाला कूज आणि वाळवी लागलेली असते. स्लॅब असेल, तर आतील सळई गंजून फुगते आणि काँक्रीटची खपली पाडते.

२००० साली रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले. कवेलूंच्या जागी स्लॅब आणि लोखंडाच्या जागी प्लॅस्टिकचे नळ आले. हे नळ उष्णतेने लोखंडाच्या कित्येक पट वाढतात. म्हणजे बुजविलेली फट आता अधिकच लवकर उघडते. ज्येष्ठात घर शाकारणाऱ्या हातांना हे आकडे ठाऊक नव्हते. पण पाण्याशी झुंजू नये, त्याला उतार दाखवावा, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आणि छप्पर टिकते ते अजूनही त्याच ज्ञानावर.