बटण कुणाच्या हाती?

आज आम्ही एका जुन्या यंत्राची गोष्ट सांगणार आहोत. हातात धरून कुठेही नेता येईल असा ट्रान्झिस्टर, आणि त्यालाच जोडलेला रेकॉर्ड प्लेअर.

त्याआधीचा रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हचा. जड, बहुधा विजेवर चालणारा, लावल्यावर तापेपर्यंत वाट पाहायला लावणारा. तो बाहेरच्या खोलीत फळीवर बसलेला असे. चुलीपाशी बसलेल्या बाईच्या कानावर येईल तेवढंच तिचं.

१९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला. १९५४ मध्ये त्यावर चालणारा खिशातला रेडिओ बाजारात आला. सेल घातले की झालं! रेडिओ फळीवरून उतरला आणि स्वयंपाकघरात, शेताच्या बांधावर जाऊ लागला.

मग १९५९ साली जर्मनीतल्या ब्राउन कंपनीने ‘टीपी १’ काढला. त्याचा आराखडा डीटर राम्स यांचा. ॲल्युमिनियमच्या चौकटीत छोटा रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर शेजारी शेजारी बसवलेले, उचलायला चामड्याचा पट्टा. सात इंची तबकडी यंत्राच्या बाहेर डोकावे आणि मिनिटाला ४५ फेरे घेई. सुई वरून नाही, खालून टेके. आवाज मात्र रेडिओच्याच स्पीकरमधून येई.

ही जोडी कशासाठी? रेडिओ ऐकवतो ते दुसऱ्याने निवडलेलं. तबकडी आपण निवडतो, हवी तितक्यांदा लावतो.

दुसऱ्याने निवडणं म्हणजे काय, ते आपल्याकडेही त्याच दशकात लोकांनी अनुभवलं. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत, म्हणून आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. ऐकणाऱ्यांच्या आवडीपुढे दिल्लीलाही नमावं लागलं.

पण मैत्रिणींनो, तबकडी निवडली तरी आपण ऐकणाऱ्याच राहिलो. बोलायचं कधी?

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रेडिओ लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची वाट मोकळी झाली. २००८ मध्ये आजच्या तेलंगणात दलित शेतकरी बायकांचं ‘संगम रेडिओ’ सुरू झालं. त्याच वर्षी साताऱ्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ ऐकू येऊ लागलं. बी-बियाणं, बाजार, ओव्या, सगळं आपल्याच बोलीत.

फळीवरून उतरलेला रेडिओ बाईच्या हाती यायला आणि त्यातून तिचा आवाज यायला मध्ये इतकी वर्षं गेली.

तुमच्या घरात बटण कोण फिरवतं? आणि तुमच्या हाती माईक आला तर पहिलं काय सांगाल? आम्हाला जरूर कळवा.