आजीच्या कपाळावरची आठी आणि बडोद्याचा कॅमेरा

आजचा भाग एका डब्याबद्दल. हो, डबाच. काळा, हलका, समोर एक भिंग आणि नाव आग्फा क्लिक थ्री. आजोळच्या माळ्यावरच्या ट्रंकेत कदाचित अजून पडून असेल.

आग्फा जर्मनीची, पण हा कॅमेरा बनायचा आपल्या बडोद्यात, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात. का? १९५७-५८ च्या सुमारास देशाकडे परकीय चलनाची मोठी टंचाई होती, आयातीवर कडक बंधनं होती. परदेशी कॅमेरा सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच. मग इथेच बनलेला हा साधा कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत शिरला. फिल्मचंही तसंच. १९६० मध्ये सरकारने उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली, १९६७ मध्ये उत्पादन सुरू झालं. त्या फिल्मचं नाव ‘इंदू’.

क्लिक थ्रीला बॅटरी नाही. शटरचा वेग एकच. निवडायचं काय, तर ऊन की ढगाळ, एवढंच. मागे लाल काचेची छोटी खिडकी, त्यातून फिल्मच्या कागदावरचा आकडा दिसतो. फोटो काढला की गोल बटण फिरवून पुढचा आकडा आणायचा. एका रोलमध्ये चौकोनी फोटो बाराच.

आता जुना अल्बम आठवा. सगळे अंगणात, एका रांगेत, ताठ उभे. आजीच्या कपाळाला आठी. आपल्याला वाटतं, त्या काळची माणसं गंभीर होती. अहो, आजीच्या डोळ्यांवर ऊन येत होतं! या भिंगाला भरपूर उजेड लागायचा, म्हणून सगळ्यांना बाहेर काढून सूर्याकडे तोंड करून उभं करायचं. हललं की फोटो पुसट, म्हणून ताठ. अल्बममधला अर्धा गंभीरपणा कॅमेऱ्याचा आहे.

गेल्या हिवाळ्यात मी यात रोल भरून पुण्याच्या तुळशीबागेत गेलो. पहिले तीन फोटो दहा मिनिटांत संपले. मग हात आपोआप आखडला. ऊन कुठल्या दुकानावर पडलंय, ते आधी बघायला लागलो. एका बांगडीवाल्या काकूंचा फोटो काढला, तर त्या म्हणाल्या, ‘बघू, कसा आलाय?’ दाखवायला काहीच नव्हतं! मग आम्ही गप्पाच मारल्या. रोल धुऊन आला दहा दिवसांनी, आणि बारापैकी सर्वात जास्त वाट मी त्यांच्याच फोटोची पाहिली होती.

पण एक सांगतो. ‘पूर्वीच्या लोकांना सबुरी होती’ हे मला पटत नाही. त्यांना बारा फोटो परवडायचे, म्हणून ते मोजून काढायचे. हातात मोबाइल असता तर आजोबांनीही लग्नात पाचशे काढले असते. त्यांची ती अडचण होती, आपण ती हौसेने निवडतोय. ही मजा आपल्या काळाची आहे.

आणि ती टिकेलच असं नाही. क्लिक थ्रीला लागणारा १२० नंबरचा रोल कोडॅकने १९०१ मध्ये ब्राउनी कॅमेऱ्यासाठी आणला. तो आजही बनतो, म्हणूनच हा डबा जिवंत आहे. याउलट कोडाक्रोम बघा. २००९ मध्ये ही रंगीत फिल्म बंद झाली, आणि अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावातल्या शेवटच्या लॅबने २०१० च्या अखेरीस ती धुणं थांबवलं. आता कुणाच्या कपाटात न धुतलेला कोडाक्रोम निघाला, तर त्याचे मूळ रंग परत येणार नाहीत. उटीचा कारखानाही बंद झालाय. रोल बनवणारा आणि धुणारा नसेल, तर कॅमेरा नुसती शोभेची वस्तू.

म्हणून एक काम करा. घरात असा कॅमेरा सापडला, तर लगेच उघडू नका. आधी लाल खिडकीत बघा. आकडा किंवा कागद दिसला, तर आत रोल आहे! कागद संपेपर्यंत बटण फिरवा, मगच अंधाऱ्या खोलीत उघडा आणि रोल धुणाऱ्या लॅबकडे द्या. ब्लॅक अँड व्हाइट रोलवर कित्येक वर्षांनीही काहीतरी उमटू शकतं. कदाचित तुमची आजी, आठीसकट.

काही उमटलं तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!