दोहद : एका निजामशाही चित्रातील स्त्री आणि वृक्ष
(चौल-रेवदंडा परिसराच्या संदर्भात)

चौल-रेवदंड्याचा इतिहास प्रामुख्याने घोडे, कापड, तोफा आणि तह यांच्या आधारे लिहिला गेला आहे. कुंडलिका खाडीच्या मुखाशी १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी निजामशाहाच्या संमतीने किल्ल्याचे काम सुरू केले. तेच आजचे रेवदंडा. लगतचे जुने चौल निजामशाहीकडेच राहिले. नारळी-पोफळीच्या वाड्या या इतिहासात येतात त्या बहुधा वेढ्याची पार्श्वभूमी म्हणून. माणूस आणि झाड यांच्या नात्याविषयी या बंदराला व त्याच्या अहमदनगरच्या धन्यांना काय ठाऊक होते, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे. प्रस्तुत लेखात एका चित्राच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

अरब प्रवासी या बंदराला सैमूर म्हणत. इ. स. ९१६ च्या सुमारास अल् मसूदी येथे आला होता. त्याच शतकात बुझुर्ग बिन शहरयार याच्या नावावर असलेल्या 'अजाइब अल्-हिंद' या ग्रंथात खलाशांच्या कथा एकत्र झाल्या. त्यांत सैमूरचा उल्लेख येतो, तसाच वाकवाक देशातील एका वृक्षाचाही. त्याचे फळ माणसाच्या आकाराचे असून वारा शिरला की त्यातून आवाज निघतो, असे तेथे सांगितले आहे. पुढे मुघल व दख्खनी चित्रकारांनी हा वाकवाक वृक्ष मोठ्या आवडीने रंगविला. फांद्यांच्या टोकांना प्राण्यांची आणि माणसांची मस्तके फुटलेली ही चित्रे पाहून आजच्या अभ्यासकास अतिवास्तववाद आठवला तर नवल नाही. परंतु आंद्रे ब्रतों याचा जाहीरनामा १९२४ चा आहे. त्याला स्वप्नाचा आधार घेऊन वास्तवाविरुद्ध बंड करावयाचे होते. दख्खनच्या चित्रकाराला असे बंड करण्याचे कारण नव्हते. झाडाला वाचा आणि इच्छा असणे हे त्याच्या परंपरेत मान्यच होते.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहातील 'तारीफ-इ-हुसेनशाही' या हस्तलिखितात याचा उत्तम पुरावा मिळतो. आफ्ताबी नावाच्या कवीने रचलेले हे फारसी काव्य हुसेन निजामशाह पहिला याच्या स्तुतीपर असून त्यात १५६५ च्या तालिकोटच्या लढाईचे वर्णन आहे. मंडळाने त्याची आवृत्ती १९८७ साली प्रसिद्ध केली. दरबारी काव्याच्या रूढीस सोडून या कवीने राणी खुंजा हुमायून हिच्या सौंदर्याचेही सविस्तर वर्णन केले आहे. चांदबिबीची आई म्हणून ही राणी मराठी वाचकास परिचित असते. स्वतंत्रपणे मात्र फारशी नाही.

या हस्तलिखितातील एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते. प्रसंग फारसी काव्यातला, पण कल्पना संस्कृत परंपरेतील 'दोहद' होय. स्त्रीच्या पायाचा आघात झाल्यावर अशोक फुलतो, तिने मद्याची चूळ टाकली की बकुळ फुलते, असे संकेत प्राचीन कवींना प्रिय होते. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त झोपाळ्यावरून पडून राणी धारिणीचा पाय दुखावतो, म्हणून अशोकाला लाथ मारण्याचे काम मालविकेकडे येते आणि झाड फुलते. (झाडाला पट्टराणी आणि दासी यांतला भेद कळत नाही, हा कालिदासाचा विनोद की निरीक्षण, हे ठरविणे कठीण आहे.) सांचीच्या तोरणावर फांदी धरून उभी असलेली यक्षी याच कल्पनेच्या कुळातली.

मराठीत ही कल्पना ग्रंथांपुरती उरलेली नाही. 'दोहद' या शब्दाचेच प्राकृतातून 'डोहाळे' झाले. सुश्रुताने चौथ्या महिन्यातील गर्भिणीला दोन हृदयांची स्त्री म्हटले आहे. तिच्या इच्छा पुरवाव्यात, नाही तर गर्भास अपाय होतो, असे तो सांगतो. झाडालाही फुलण्याआधी असेच डोहाळे लागतात, ही कविसंकेतामागील धारणा होय. डोहाळजेवणात गर्भवतीला फुलांचे दागिने घालून सजवितात, बागेत बसवितात. तेव्हा चित्रातील नातेच उलट दिशेने वळते. तेथे स्त्री झाडाला फुलविते, येथे फुले स्त्रीला सजवितात. अहमदनगरच्या चित्रकाराने ही कल्पना ग्रंथांतून घेतली की आसपासच्या लोकव्यवहारातून, याविषयी मते संभवतात. तथापि केवळ ग्रंथपरंपरेकडे बोट दाखविणे अपुरे वाटते.

या हस्तलिखितास पुढे जे सोसावे लागले ते राजकारणाचे फळ होय. १५६५ मध्ये हुसेनशाह वारला. मुलगा मुर्तझा लहान असल्याने खुंजा हुमायूनने कारभार हाती घेतला. सुमारे चार वर्षांनी, १५६९ मध्ये, त्याच मुलाने तिला कैद करविले. हस्तलिखितातील काही चित्रांत राजाशेजारी बसलेल्या राणीची आकृती पुसून वा रंगाने झाकून टाकलेली आढळते. हा तिच्या पदच्युतीचा परिणाम असावा, असे अभ्यासक मानतात. सिंहासनावर राजाच्या बरोबरीने बसलेली स्त्री नव्या सत्तेला खुपली. दोहदचित्रातील स्त्री मात्र झाडाखाली तशीच राहिली. ज्या हाताने राणी पुसली, त्याला या स्त्रीत राजकीय अर्थ दिसला नसावा. वास्तविक दोहदाचा संकेत राणीच्या स्तुतीसाठीच योजलेला आहे. तिच्या सामर्थ्याचा तो सिंहासनाहून जुना दाखला आहे.

आईला कैदेत टाकल्यानंतर वर्षभरातच, १५७० च्या अखेरीस, मुर्तझा निजामशाह मोठे सैन्य घेऊन पोर्तुगीजांच्या चौलवर आला. वेढा १५७१ च्या पावसाळ्यापर्यंत चालला आणि किल्ला न घेताच उठवावा लागला. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावाभोवती भक्कम तट उभारला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. आज त्या तटाचे अवशेष रेवदंड्याच्या वाड्यांमध्ये उभे आहेत. आत पोफळी शिंपल्या जातात.