बागेतला पहिला धडा



आपल्या लालबागेच्या नावातच बाग आहे. इथल्या कुंडी भंडाऱ्यात १६१५ पासून सातपुड्याचे पाणी जमिनीखालून वाहते आहे. तरी पेरणाऱ्याचा दाखला आम्ही मुलांना बंद खोलीत शिकवतो. खडकाळ जमीन, काटेरी झुडपे, सारे त्यांना तोंडपाठ असते. हाताला मात्र माती लागलेली नसते. यात दोष मुलांचा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे. पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना तो आम्हाला फार जाणवतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, गंगामूळच्या रानातला. त्या लहानपणी शाळेत गेल्या नाहीत. तीर्थयात्रेच्या वाटेवरच आई लक्ष्मीबाईंनी त्यांना संस्कृत शिकवले. पुढे दुष्काळात आईवडील गेले आणि रानातली पाने खाऊन दिवस काढण्याची वेळ आली.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांनी जर्मन शिक्षक फ्रोबेल यांच्या किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला. किंडरगार्टन म्हणजे मुलांची बाग. फ्रोबेल यांच्या योजनेत प्रत्येक मुलाचा स्वतःचा वाफा असे आणि सगळ्यांचे मिळून सामाईक वाफेही असत. स्वतःचे रोप जपता जपता मूल सर्वांचे जपायला शिके.

१८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. अमेरिकेतून मदतीचे वचन होते, पण दहाच वर्षांचे. म्हणून संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी, या हेतूने त्यांनी केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली. एवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी तीनशेच्या आसपास मुलीबाळी आणल्या. आपले बऱ्हाणपूर तेव्हा त्याच प्रांतात होते. त्या लेकरांना आसरा मिळाला तो केडगावच्या या जमिनीवर. पुढे तिथेच मुक्ती सदन उभे राहिले.

तिथे मुली वाचायला शिकल्या, पवित्र शास्त्र शिकल्या आणि शेत, बाग, गोठा, विणकाम यांतही राबल्या. ज्यांना भुकेने मरणाच्या दारात नेले होते, त्यांच्याच हातून अन्न पिकू लागले. नुसत्या दानाने पोट भरले असते. मान परत आला तो कामाने.

उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने मनुष्याला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. नियमशास्त्र पुष्कळ नंतर आले. पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया मग्दालियाला प्रभू भेटला तोही बागेतच, आणि तिला तो माळी वाटला.

म्हणून येत्या पावसाळ्यात धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक वाफा द्यावा, असे आम्हाला वाटते. अंगण नसेल तर जुना डबा चालेल. पालकांनो, कपडे मळतील, रागावू नका. एखादे रोप मरेलही. तेव्हा मूल विचारील, 'का?' त्या प्रश्नापाशी त्याच्याबरोबर बसा. पेरणाऱ्याचा दाखला तिथून सुरू होतो.

हे प्रभो, आमच्या लेकरांची मने चांगली जमीन कर आणि आम्हाला तुझे विश्वासू माळी कर. आमेन.