आभाळाला नाका नसतो

मंडळी, अमुक देशावर शस्त्रबंदी घातली अशी बातमी आली की आपल्याला ते कुठलं तरी दूरचं प्रकरण वाटतं. पण आपल्या नांदेड-लातूरने ती १९४७-४८ मध्ये घरात बसून अनुभवली आहे.

तेव्हा आपण निजामाच्या राज्यात. चहूबाजूंनी भारत, समुद्र कुठेच नाही. २९ नोव्हेंबर १९४७ ला वर्षभरासाठी 'जैसे थे' करार झाला, पण निजामाला शस्त्रं द्यायला भारत तयार नव्हता. कारण उघड होतं. लातूरला वकिली केलेला कासिम रझवी रझाकारांचा म्होरक्या झाला होता आणि गावोगाव जाळपोळ, लुटालूट चालली होती.

रस्ते आणि रेल्वे अडवता आली. आभाळात मात्र नाका बसवता येत नाही! १९४८ मध्ये सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांनी रात्री शस्त्रं आणू लागला. आपल्या उदगीरपलीकडचं बीदर हे त्यातलं एक उतरायचं ठिकाण. पुढे इंग्लंडमध्ये त्याला दंड झाला, अवघा २०० पौंड. इकडे औषधं आणि क्लोरीनसुद्धा अडवल्याची हैदराबादची तक्रार होती. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली.

मग बंदीचा उपयोग झाला का? अर्धा झाला. १३ सप्टेंबरला भारतीय फौज शिरली आणि निजामाची फौज पाच दिवसांत शरण आली. पण खेड्यातल्या रझाकाराच्या हातातली बंदूक बंदीने काढून घेतली नव्हती. समोरचा शेतकरी मात्र रिकाम्या हाताचा. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी युगोस्लाव्हियावर बंदी घातली तेव्हा हेच घडलं. सर्बांकडे जुन्या फौजेची कोठारं होती, बोस्नियाकडे फारसं काहीच नव्हतं.

आणखी एक गोष्ट आपण १७ सप्टेंबरला सहसा बोलत नाही. मुक्तीनंतर सूडाची लाट आली. सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. या वेळी मेले ते बहुतेक मुसलमान. समितीचा अंदाज किमान २७ हजारांचा.

म्हणजे दोन्ही वेळा बळी गेला तो ज्याच्या हाती काही नव्हतं त्याचाच. मुक्ती हवीच होती, रझाकारांचा बीमोडही. पण बंदी घालणाऱ्यांनी या नि:शस्त्र माणसाचं काय, हे आधी ठरवायला हवं. नुसते नाके बसवून भागत नाही.

असो. तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी असतील तर जरूर लिहून ठेवा.