गिटारशिक्षणातील लेखन आणि श्रवण : एक ऐतिहासिक टिपण

वाद्यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा वादकांच्या चरित्रांतून लिहिला गेला आहे. वादकाच्या हाताला वळण कोणी लावले आणि कोणत्या साधनाने लावले, हा प्रश्न घराण्यांच्या संदर्भात आवर्जून विचारला जातो. घराण्यांच्या कक्षेबाहेरील वाद्यांविषयी तो सहसा उपस्थितच होत नाही. गिटार हे असे एक वाद्य होय. विशेषतः 'हेवी मेटल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कर्कश व वेगवान शैलीचे वादन शिकणाऱ्या तरुणांविषयी, ही मुले कानावर पडेल ते घोटतात, यात विद्या अशी काही नाही, असे मत सुशिक्षित वर्तुळांतही ऐकावयास मिळते. प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाविज्ञान, संगीत नव्हे. तथापि लेखन आणि उच्चार यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्यास या मतात एक उघड चूक दिसते, आणि ती दाखविणे हा या टिपणाचा हेतू आहे.

निमित्त घडले ते एका वहीचे. नागपुरातील आमच्या एका विद्यार्थ्याने आपली गिटारशिक्षणाची वही पाहावयास दिली. शाळकरी वहीच्या पानांवर पट्टीने सहा-सहा रेघा आखलेल्या, रेघांवर आकडे, आणि काही ठिकाणी आकड्यांच्या खाली देवनागरीत लिहिलेली निरर्थक वाटणारी अक्षरे, असे तिचे स्वरूप होते. या अक्षरांकडे पुढे येऊ.

प्रथम शब्दाचा विचार करणे क्रमप्राप्त आहे, कारण येथेच एक भाबडी व्युत्पत्ती वाटेत उभी राहते. 'गीत' आणि 'तार' मिळून 'गिटार' झाले, असे अनेकजण अभिमानाने सांगतात. ही लोकव्युत्पत्ती होय. ग्रीक 'किथारा', अरबी 'कीथारा', स्पॅनिश 'गितार्रा' असा या शब्दाचा प्रवास आहे. 'सितार' या शब्दाशीही त्याचे नाते नाही. तो फारसी 'सेह्' म्हणजे तीन आणि 'तार' यांपासून बनला. ध्वनिसाम्य हा नात्याचा पुरावा नव्हे, हे तत्त्व आमच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही शिकविले जाते.

परंतु चुकीची व्युत्पत्तीसुद्धा भाषेत काम करीत असते. मराठीत 'सतार' स्त्रीलिंगी, 'तार' स्त्रीलिंगी. म्हणून 'माझी गिटार' हा प्रयोग रूढ झाला असावा. काही जण 'वाद्य' शब्दाच्या ओढीने 'माझे गिटार' म्हणतात. नागपुरात मात्र 'माझा गिटार' हेही कानावर पडते. हिंदीत 'सितार' व 'गिटार' दोन्ही पुल्लिंगी आहेत, आणि १९५६ पर्यंत मध्यप्रांताशी जोडलेल्या या शहरात हिंदीचा शेजार अंगवळणी पडलेला आहे. उसना शब्द घरात आला की त्याला कोणत्या ओळीत बसवावयाचे हे शेजारी ठरवितात, त्याचे हे सुबक उदाहरण आहे.

मराठी-कोंकणी प्रदेशात या वाद्याचा पहिला दीर्घ सहवास गोव्यात घडला. तेथील मांडो या गीतप्रकाराच्या साथीस घुमट, व्हायोलिन आणि गिटार असत. येथे अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पोर्तुगीज भाषेत 'गितार्रा' म्हणजे बारा तारांचे, फादु गायनाच्या साथीचे वाद्य; आपण ज्यास गिटार म्हणतो त्या सहा तारांच्या वाद्यास 'व्हियोला' अथवा 'व्हियोलांव' म्हणतात. तेव्हा पोर्तुगीज कागदपत्रांत 'व्हियोला' आढळल्यास ते गजाने वाजविण्याचे वाद्य असे घाईने समजू नये. गोव्यातील चर्चच्या शाळांत 'मेस्त्री' मुलांना स्वरलेखन वाचावयास शिकवीत. याच शिक्षणावर पोसलेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) व सेबास्तियन डिसोझा यांसारख्यांनी संगीतकारांनी गाऊन दाखविलेल्या चाली पंचरेषी लिपीत उतरवून वाद्यवृंदापुढे ठेविल्या. मौखिक परंपरेतील संगीतकार आणि लेखी परंपरेतील वादक यांचा हा संयोग मराठी संगीतसमीक्षेत फारसा चर्चिला गेलेला नाही.

दुसरा प्रवाह हवाईचा. मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवावयाची, ही पद्धत हवाई बेटांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. तिचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू यास देतात. टाऊ मो हा हवाईयन वादक १९४० च्या दशकात कलकत्त्यास राहून ती शिकवीत होता. गिटारीच्या पडद्यांनी सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. मींड व श्रुती यांना तेथे अडसर होतो. कांडीने तो दूर केला. म्हणूनच ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांना हे वाद्य रागसंगीतास योग्य वाटले, आणि १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्या बरोबरीने ते ऐकू आले. या प्रवाहाचे शिक्षण गुरुमुखाने झाले, यास्तव त्यास प्रतिष्ठा मिळण्यास अडचण पडली नाही.

तिसरा प्रवाह वहीचा, आणि त्यासच प्रतिष्ठा नाही.

सहा रेघांच्या या लेखनास 'टॅब', म्हणजे टॅब्लेचर, म्हणतात. प्रत्येक रेघ ही एक तार. रेघेवरील आकडा म्हणजे त्या तारेवर दाबावयाचा पडदा. शून्य म्हणजे मोकळी तार. हे आजकालच्या मुलांनी आळसाने शोधून काढले, असा समज असेल तर तो टाकून द्यावा. लुई मिलान या स्पॅनिश वादकाचा 'एल् माएस्त्रो' हा विहुएला या वाद्याचा शिक्षणग्रंथ १५३६ साली याच पद्धतीच्या लेखनात छापला गेला, आणि वरची रेघ ही सर्वांत उंच स्वराची तार हा त्यातील क्रम विद्यार्थ्याच्या वहीतही तसाच आहे.

आता भाषाविज्ञानाच्या दृष्टीने पाहू. पंचरेषी लिपी स्वराची निश्चित उंची सांगते. भातखंडे (१८६०–१९३६) यांची स्वरलिपी षड्जाशी असलेले नाते सांगते. टॅब यांपैकी काहीच सांगत नाही. ती बोट कोठे ठेवावे एवढेच सांगते. परंतु ही न्यूनता नव्हे. आपल्या शिक्षाग्रंथांनी वर्णांचे वर्णन कसे केले? कंठ, तालु, दंत, ओष्ठ अशी स्थाने सांगून आणि प्रयत्न सांगून. वर्ण कानाला कसा लागतो याचे नव्हे, तो मुखात कोठे व कसा घडतो याचे शास्त्र त्यांनी रचले, आणि त्या शास्त्राची कीर्ती जगभर झाली. टॅब हे हाताचे स्थान-शास्त्र होय. नारदीय शिक्षेत 'गात्रवीणा' सांगितली आहे. सामगायक अंगठ्याने बोटांच्या पेरांवर स्वर दाखवितो, म्हणजे हातच वीणा होतो. अकराव्या शतकात गीदो दारेझो याच्या नावाने युरोपात प्रसिद्ध झालेला 'हात' हाही अशाच जातीचा. शरीरावर स्वरांची जागा नेमून देणे हा संगीतशिक्षणाचा जुना व सन्मान्य मार्ग आहे.

यातून एक गंमत निष्पन्न होते. सहाही तारा सारख्या प्रमाणात उतरविल्या तरी टॅबचे आकडे बदलत नाहीत. पंचरेषी लिपीत मात्र सगळे पुन्हा लिहावे लागेल. म्हणजे या एका बाबतीत टॅब आपल्या सरगमच्या जवळची आहे. षड्ज कोठेही धरा, लेखन तेच. हेवी मेटलला हे मानवले याचे कारण त्या शैलीच्या उगमातच आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबावयाचा हात तोच. त्याने प्लास्टिकची टोपणे करून बोटांवर चढविली, तारा बारीक घेतल्या आणि पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या ध्वनिमुद्रिकेत त्या तीन अर्धस्वरांनी उतरविल्या. सैल तारांचा तो जड, खर्जातला नाद ही एका संपूर्ण शैलीची ओळख झाली. उच्चारेंद्रियातील दोषाने बोलीची घडण ठरावी, असा हा प्रकार.

त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या चमूच्या १९७० च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत षड्ज आणि तीव्र मध्यम यांचे अंतर भयसूचक म्हणून वापरले आहे. तेच अंतर आपल्या यमनात आहे, आणि यमन ऐकून कोणी दचकल्याचे ऐकिवात नाही. नाद आणि अर्थ यांचा संबंध स्वाभाविक नसून संकेताने ठरतो, हे सोस्यूरचे म्हणणे संगीतासही कितपत लागू पडते, याचा विचार यावरून सुरू करता येईल. षड्ज-पंचमाची जोडी घेऊन गंधार वगळण्याची या शैलीतील रीत पाहून तंबोऱ्याची आठवण होईल, पण तेथे फार दूर जाऊ नये. विद्युत्‌नाद मुद्दाम फाटका केला की गंधार मिसळलेल्या स्वरमेळातून नको ते उपनाद निघतात; म्हणून गंधार टाळतात. कारण यांत्रिक आहे, आध्यात्मिक नव्हे.

टॅबचा खरा दोष निराळा. जुन्या छापील ग्रंथांत आकड्यांच्या वर कालमानाच्या खुणा असत. १९९० नंतर संगणकावर साध्या अक्षरांनी टंकलिखित होऊन जगभर पसरलेल्या टॅबमध्ये त्या बहुधा गळाल्या. कोणता स्वर किती काळ, हे लेखनात नाही. मोडी वाचणाऱ्यास हा अनुभव नवा नाही. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद दाखवीत नाहीत; नागपूरकर भोसल्यांच्या दप्तरातील कागद वाचताना तो भेद वाचक आपल्या भाषाज्ञानाने भरून काढतो. मराठी न येणाऱ्याला मोडी वाचता येणार नाही. तसेच ध्वनिफीत न ऐकलेल्याला टॅब वाजविता येणार नाही. म्हणजे हे लेखन श्रवण गृहीत धरते. 'केवळ कानाने घोटलेले' आणि 'केवळ आकडे पाहून वाजविलेले' हे दोन्ही आक्षेप येथे एकदमच निकालात निघतात.

मग काळाचे शिक्षण कोठे होते? वहीतील त्या निरर्थक अक्षरांत. विद्यार्थ्याने 'डं डग' असे लिहून ठेविले होते आणि तो ते तोंडाने म्हणून दाखवी. हे बोल आहेत. सतारीचे 'दा' आणि 'रा' उजव्या हाताच्या आघाताची दिशा सांगतात. मसीतखानी गतीचे रूपच बोलांच्या विशिष्ट क्रमाने ठरते. गिटारीतही आघात खाली की वर, हा शैलीचा प्रश्न असतो. 'मेटॅलिका'च्या १९८६ च्या 'मास्टर ऑफ पपेट्स' मध्ये जेम्स हेटफील्डचा हात वेग वाढला तरी खालच्याच दिशेने आघात करीत राहतो. सतारियाच्या भाषेत नुसते 'दा दा दा दा'. 'आयर्न मेडन' या चमूच्या वादनातील प्रसिद्ध घोडदौड म्हणजे एक दीर्घ आघात व त्याच्या निम्म्या मापाचे दोन ऱ्हस्व. 'यमाताराजभानसलगा' पाठ असलेल्या वाचकाने हा भगण ओळखला असेलच. गुरूच्या दोन मात्रा, लघूची एक, एकूण चार. गणित तंतोतंत जुळते. दोधक वृत्तात तीन भगण व शेवटी दोन गुरू येतात. ते खणखणीत म्हटले तर ही दौड कानाला कळते. उलटी दौड, म्हणजे दोन लघू व एक गुरू, हा सगण. आमच्या विद्यार्थ्यास हे सांगताच त्याने वृत्तांचे पुस्तक मागून नेले, आणि ते अद्याप परत आलेले नाही.

महाराष्ट्रात या शैलीचे घर मुंबई. 'रॉक मशीन' हा चमू १९८४ मध्ये स्थापन झाला व १९९३ मध्ये त्याने 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव १९८६ पासून सुरू झाला. धोबीतलावाजवळचे रंगभवन हे त्याचे जुने स्थान, आणि ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे तेथील मैफली पुढे थांबल्या. कठोर शैलीचे 'डेमॉनिक रिझरेक्शन' (२०००) व 'भयानक मौत' (२००३) हे चमू त्यानंतरचे. या दुसऱ्या नावातील संस्कृत विशेषण व अरबी नाम यांचा समास हिंदीचा असला, तरी 'भयानक' हा भरताने सांगितलेल्या आठ रसांपैकी सहावा आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. बीभत्स लगेच त्याच्या पुढे येतो, आणि या शैलीने त्यासही वंचित ठेविलेले नाही.

चिंतेची गोष्ट अशी की या शिक्षणाची साधने नष्ट होत आहेत. ध्वनिफितींवरून ध्वनिफिती उतरवून घेतल्या जात, त्यांवर हाताने नावे लिहिली जात. वह्यांतून वह्या नकलल्या जात. नकलताना कोणता आकडा बदलला, कोणत्या गावी कोणता पाठ रूढ झाला, हे पाठभेदांचे काम आहे, आणि पोथ्यांच्या बाबतीत आपण ते निष्ठेने करतो. त्या ध्वनिफितींना बुरशी लागली, वह्या रद्दीत गेल्या. जुन्या गवयांच्या चिजांच्या वह्या मिळविण्यासाठी आपल्या संस्थांनी कष्ट घेतले ते योग्यच झाले; परंतु त्या वह्याही एकेकाळी कोणाला मोलाच्या वाटल्या नव्हत्या. नागपूर, अमरावती, चंद्रपूर येथील ज्यांनी १९८५ ते २००५ या काळात गिटार शिकली ते आज पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांच्या माळ्यावर काय आहे, हे आज विचारता येते.

वर उल्लेखिलेल्या वहीचा अखेरचा भाग पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. प्रारंभीच्या पानांवर आकडे दाट आहेत आणि बोल विरळ. मध्यंतरी दोन्ही सारखे होतात. शेवटच्या दहाबारा पानांवर रेघा आखलेल्याच नाहीत. नुसते बोल आहेत, एकाखाली एक, ओव्या लिहाव्यात तसे. कारण विचारता तो म्हणाला, "आता आकड्यांची गरज नाही पडत, सर. बोल पाहिला की हात आपोआप जाते."