उज्ज्वल निकम

उज्ज्वल देवराव निकम (जन्म: ३० मार्च १९५३, जळगाव) हे महाराष्ट्रातील फौजदारी वकील असून अनेक गाजलेल्या खटल्यांत त्यांनी विशेष सरकारी वकील म्हणून काम पाहिले आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कोपर्डी आणि सोनई या दोन प्रकरणांत त्यांनी सरकार पक्षाची बाजू मांडली.

कारकीर्द
निकम यांचे वडील देवराव निकम हे न्यायाधीश होते. जळगाव येथे कायद्याचे शिक्षण घेऊन निकम यांनी तेथील जिल्हा न्यायालयात वकिली सुरू केली. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात त्यांची विशेष सरकारी वकील म्हणून नियुक्ती झाली. या खटल्यात टाडा न्यायालयाने १०० आरोपींना दोषी ठरवले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यात अजमल कसाबला मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली.

अहिल्यानगर जिल्ह्यातील खटले
जानेवारी २०१३ मध्ये नेवासा तालुक्यातील सोनई येथे आंतरजातीय प्रेमसंबंधातून तीन दलित तरुणांची हत्या झाली. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २० जानेवारी २०१८ रोजी सहा आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली.

कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे १३ जुलै २०१६ रोजी एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. या घटनेनंतर राज्यभर मराठा समाजाचे मूक मोर्चे निघाले. अहमदनगर सत्र न्यायालयाने २९ नोव्हेंबर २०१७ रोजी तिन्ही आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली. दोन्ही खटल्यांत सरकार पक्षाची भिस्त प्रामुख्याने परिस्थितिजन्य पुराव्यावर होती.

भूमिका आणि टीका
फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४(८) नुसार किमान दहा वर्षे वकिली केलेल्या व्यक्तीची विशिष्ट खटल्यासाठी विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक करता येत असे. केवळ शिक्षा मिळवून देणे हे सरकारी वकिलाचे काम नसून सत्य न्यायालयासमोर आणण्यास साहाय्य करणे हे त्याचे कर्तव्य मानले जाते. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याचे विधान त्याच्याविषयी निर्माण होणारी सहानुभूती रोखण्यासाठी आपण रचले होते, असे निकम यांनी २०१५ मध्ये सांगितले. त्यामुळे न्यायालयाबाहेर बोलताना सरकारी वकिलाने पाळावयाच्या मर्यादांवर चर्चा झाली.

सन्मान आणि राजकारण
भारत सरकारने २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्कार दिला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर मध्य मतदारसंघातून भारतीय जनता पक्षाचे उमेदवार म्हणून ते पराभूत झाले. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली.